तिसरी पाटी

सिद्राम कांबळेच्या पेटीतली एक पट्टी मुकी होती, आणि ही गोष्ट निपाणीत ज्याला ठाऊक नसेल त्याला ढोलकीवाला मष्णू आपणहून सांगायचा. बाकीच्या पट्ट्या खणखणीत. फक्त अगदी मधली, गाणाऱ्याला घडोघडी लागणारी एक पांढरी पट्टी दाबली की आतून फुस्स करून नुसती हवा जायची. पेटी मिळालीच तशी होती. मिळाली म्हणणंही जरा जास्तच झालं. अडुसष्ट साली एका फिरत्या नाटक कंपनीचं सामान ट्रकवर चढवताना ती सिद्रामच्याच हातून निसटली आणि धाडकन रस्त्यावर पडली. मॅनेजरनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि वर म्हणाला, "आता घे ती तुझ्या उरावर आणि वाजवत बस!" मॅनेजरच्या मते ही शिवी होती. सिद्राम शब्दाला जागणारा माणूस. त्यानं पेटी उचलली, उरावर घेतली आणि पुढची सोळा वर्षं वाजवत बसला.

तो तंबाखूच्या वखारीत हमाल होता. सरगम त्याला कुणी शिकवली नव्हती. कानानं ऐकायचं आणि बोटानं शोधायचं, एवढंच त्याचं शिक्षण. सुरुवातीला त्यानं मुक्या पट्टीला वळसा घालून बघितलं. तिच्या जागी वरच्या अंगाचा सूर उसना आणला, तर लुगड्याला धोतराचं ठिगळ लावल्यासारखं ऐकू यायला लागलं. मग एकदा वैतागून त्यानं बोट सरळ मुक्या पट्टीवरच ठेवलं. गाणं जागच्या जागी थांबलं, ढोलकी एकटीच वाजली, आणि दोन मात्रांनी सिद्रामचं बोट पुढच्या पट्टीवर गेलं तसं गाणं परत सुरू झालं. समोर बसलेल्या चार-पाच बायामाणसांच्या माना तेवढ्या वेळात पुढं आल्या होत्या. ते सिद्रामनं बरोबर बघितलं.

तेव्हापासून तो त्या पट्टीला चुकवेनासा झाला. उलट चाल बांधताना तो ओळीचा चढ मुद्दाम तिच्यापर्यंत आणून सोडायचा. दुसऱ्या गायन पार्ट्या हसायच्या. "सिद्रामच्या पेटीला ठेच लागली," म्हणायच्या. कुणी म्हणायचं, नाचता येईना अंगण वाकडं. पण चिकोडीला, संकेश्वरला बाबासाहेबांच्या जयंतीत लोक "ते ठेचवालं गाणं हुंद्या" म्हणून चिठ्ठ्या पाठवायला लागले, तशा त्याच पार्ट्या आपल्या धडधाकट पेट्यांवर ठेच बसवायला लागल्या. कुणालाही जमली नाही. पुढच्याला ठेच आणि मागचा शहाणा म्हणतात. इथं मागच्यांना ठेचच हवी होती आणि ती काही केल्या लागत नव्हती.

सिद्रामला एकूणच मोडक्या वस्तूंचं वेड. वखारीत एक चाळण होती, कडेला जाळी फाटलेली. बायका चाळायला लागल्या की चार झोके भरीव जायचे आणि पाचवा पोकळ. त्या पोकळ झोक्यावरनं त्यानं मष्णूला एक ठेका दिला. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा तुटून शिवलेला. प्रत्येक फेऱ्याला शिवण आली की टक्क वाजायचं. दळपाचा डबा घेऊन गेलेला सिद्राम तिथंच उभा राहायचा आणि पीठ थंड झालं तरी घरी यायचा नाही.

"धड वस्तू गप बसती," तो म्हणायचा. "मोडकीचं कायतरी सांगायचं ऱ्हायलेलं असतंय."

"म्हणूनच बाजारातनं किडकी वांगी आणतासा व्हय?" त्याची बायको सोनुबाई विचारायची. "तीबी गात्यात जणू."

सोनुबाई त्याच्या पार्टीची गाणारीण. ती त्याच वखारीत तंबाखू चाळायला जायची. दिवसभर तो खकाणा नाकातोंडात, केसांत, पदराच्या घड्यांत. संध्याकाळी ती दारात पदर झाडायची तर शेजारणीला शिंका यायच्या. पण गळा असा की मागं झील धरणाऱ्या दोन माणसांना आपण उगाच आलो असं वाटावं. पार्टीचं सगळ्यात नावाजलेलं गाणं तिनंच जुळवलं होतं. मुलगा परशराम पहिलीत जायला लागला त्या दिवशी तिच्या डोक्यावर वखारीची पाटी होती, माल वाहायची, आणि त्याच्या हातात शाळेची पाटी. बाई चालता चालता स्वतःशीच हसली आणि वखारीच्या दारात पोचेस्तोवर दोन ओळी झाल्या:

माझ्या डोईवरची पाटी
लेकाच्या हाती आली

सिद्रामनं पुढं त्यांना चाल लावताना "पाटी" या शब्दावर ठेच ठेवली. पाटी म्हटलं की गाणं थांबायचं, आणि तेवढ्या उसंतीत ऐकणाऱ्याच्या डोक्यात उजेड पडायचा की पाटी तीच, पण आता दुसरी. बायका तिथं हटकून डोळ्याला पदर लावायच्या. परशराम बी.ए. झाला, कन्नडची परीक्षा दिली, बेळगावात सरकारी कचेरीत क्लार्क लागला, भाड्याची खोली घेऊन दारावर नावाची पाटी लावली. मग सोनुबाईनं गाण्याला तिसरं कडवं जोडलं. लेकाच्या दारावर पाटी, नावाची त्याच्या लागली. ही तिसरी पाटी म्हणताना तिचा आवाज असा काही वर जायचा की मष्णू ढोलकी वाजवायची सोडून तिच्याकडं बघायचा आणि सिद्रामच्या शिव्या खायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत परशराम घरी आला तो फुलून आला. त्याच्या कचेरीतल्या लोकांनी बेळगावात हॉल घेऊन जयंती करायची ठरवली होती. मोठे साहेब येणार होते. आणि गायन पार्टी म्हणून परशरामनं आपल्या आई-बापांचं नाव दिलं होतं.

"आई, पाटीचं गाणं म्हणायचंस. तिन्ही कडवी. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

 ज्या पोराला पाठीला बांधून सोनुबाईनं तंबाखू चाळली, तो तिला साहेबासमोर बसवणार होता. तिला दुसरं काही नको होतं. सिद्रामलाही नको होतं. बेळगावला त्या हॉलमध्ये सोनुबाईनं ते गाणं लेकासमोर शेवटपर्यंत म्हणावं, एवढी एकच गोष्ट त्या दिवसापासून त्या घरात सगळ्यांना हवी होती.

जाताना परशरामनं पेटी मागितली. "सोळा वर्षं झाली आप्पा. भाता गळतोय, वरचं लाकूड उकललंय. बेळगावात चांगला माणूस हाय, दुरुस्त करून आणतो."

भाता गळत होता हे खरंच होतं. सिद्रामनं हो म्हटलं. मुक्या पट्टीचा विचार त्याच्या मनातही आला नाही. ती बिघडलेली आहे हे तो विसरूनच गेला होता. इथंच त्याचं चुकलं. पण हातापायांची बोटं मोजून कुणी दवाखान्यात जात नाही.

पाडव्याच्या सुट्टीला परशराम एस.टी.तून पेटी मांडीवर घेऊन आला. नवं पॉलिश, नवा भाता. त्यानं ती चटईवर ठेवली, भाता ओढला आणि हसत हसत मधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

पट्टी बोलली. स्वच्छ, गोड, भरलेला सूर.

सिद्राम दचकला. सोळा वर्षं मुका असलेल्या शेजाऱ्यानं एकदम नावानं हाक मारावी, तसं झालं.

"आतला सूरच, हवेनं वाजणारी पितळी पाती, तुटलेला हुता," परशराम सांगत होता. "मिस्त्री म्हणाला, एवढी गोड पेटी आणि एवढी वर्षं मुकी ठेवली? मला लाज वाटली आप्पा. आमच्यासाठी तुम्ही कधी स्वतःला धड काही घेतलंच न्हाय."

 सिद्रामनं पोराच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाला, "लई चांगलं झालं रं."

दुसऱ्या दिवशी परशराम गेल्यावर मष्णू आला आणि तालमीला सुरुवात झाली. सोनुबाईनं ओळ उचलली, "माझ्या डोईवरची पाटी," आणि सिद्रामचं बोट सवयीनं मधल्या पट्टीवर उतरलं. जिथं सोळा वर्षं गप्प व्हायचं तिथं पेटी भोंग्यासारखी वाजली. मष्णू हसला. सिद्रामही हसला. परत उचललं. परत तेच. तिसऱ्या वेळी त्यानं बोट अधांतरी धरून बघितलं, तर पुढची पट्टी चुकली आणि ठेका गडगडला. सोळा वर्षांची खोड बोटाला. खोड सांगून जात असती तर जगात एकही दारुडा उरला नसता.

"वाजू दे गं सूर," तो शेवटी म्हणाला. "तूबी त्येच्यासंगं ओढून म्हण. भरून येतंय उलट."

सोनुबाईनं ओढून म्हटलं. पहिली पाटी ओढली, दुसरी ओढली. तिसऱ्या ओळीला तिला ठसका लागला. पाणी प्याली, परत म्हणायला लागली, परत तिथंच ठसका. तोंड लालबुंद झालं, मानेच्या शिरा फुगल्या. तिनं हातानं थांबा म्हणून खूण केली आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. एवढा आवाज, आणि एका घरात राहून सिद्रामला तो आजवर ऐकू आला नव्हता.

मष्णूनं ढोलकी बाजूला ठेवली. तो खाली बघत म्हणाला, "आण्णा, वयनी ठेचंला दम घेत हुत्या. तीन-चार वर्सं झाली. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

"मला कसं ठावं असंल?"

"मी ढोलकीवाला. मला गाणाऱ्याच्या दमाकडं बघाय लागतंय. तुमी पट्टीकडं बघता."

मष्णू गेल्यावर सिद्राम बायकोजवळ बसला.  तीच आधी बोलली.

"तुमी गाण्यात माज्यासाठी जागा ठिवलिया, आसंच वाटायचं मला. दोन शबुद म्हणायचं, जरा दम खायाचा. एवढं सोपं गाणं कोण बांधून देतंय बायकोला?"

 ती जागा सिद्रामनं तिच्यासाठी ठेवलीच नव्हती. पेटी मोडकी होती, तिला धरून त्यानं चाली बांधल्या, लोकांनी वाहवा केली आणि तो त्या वाहवेत खूष राहिला. शेजारी बसलेली बाई त्या मोडक्या पट्टीच्या आधारानं श्वास घेत होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. चाळणीचा पोकळ झोका ऐकणारा हा मोठा कानाचा माणूस! त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही. जागा ठेवली होती असंच त्यानं तिला समजू दिलं.

"परशाला सांगू या," तो म्हणाला. "म्हणावं, सूर काडून टाक."

"अजाबात न्हाय." सोनुबाई एकदम सरळ बसली. "किती हौसंनं केलंय त्यानं. त्येला कळलं की आईला दम न्हाय, तर गाणं तर ऱ्हायलंच, दवाखाना, वखार सोड, सगळंच सुरू हुईल. आनि आपुन आईचं गाणं मोडलं हे त्येच्या जिवाला लागंल ते येगळंच. माजी आन हाय तुमास्नी. जयंती हुंद्या, मंग बगू."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सिद्रामनं मान हलवली.

पुढचे आठ दिवस त्यानं काय काय करून बघितलं. एक पट्टी खाली उतरून वाजवलं, तर सोनुबाईचा गळा बसला. नवीन चाल बांधायला घेतली, जिच्यात जागोजाग उसंत असेल. पण बोटं फिरली की रेडिओवर ऐकलेलंच काहीतरी बाहेर यायचं. सगळ्या पट्ट्या बोलत होत्या आणि सिद्रामला एकीचंही म्हणणं ऐकू येत नव्हतं. थांबायचं कुठं हे आधी पेटी सांगायची. आता ती कुठंच थांबत नव्हती. वखारीत ओझी वाहतानाही त्याचं बोट पोत्यावर चालत राहायचं. मुकादमानं दोनदा विचारलं, "सिद्राम, बरं हाय न्हवं?"

शेवटी शुक्रवारी, जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी, त्यानं दार लावून घेतलं, पेटीचं झाकण उघडलं, पट्ट्यांची फळी वर केली आणि तो नवा चकचकीत पितळी सूर शोधून काढला. तोडायला हात धजेना. पोरानं हौसेनं बसवलेली वस्तू ती. त्यानं पोत्याची एक चिंधी घेतली, तिची घट्ट घडी केली आणि सुरावर दाबून बसवली. फळी खाली घेतली. भाता ओढून पट्टी दाबली.

फुस्स.

सिद्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं सोनुबाईला हाक मारली आणि दोघांनी, ढोलकीशिवायच, तिन्ही कडवी म्हणून काढली. ती प्रत्येक ठेचेला दम घेत होती. आता तो पट्टीकडं नाही, तिच्याकडं बघत होता. तिसऱ्या पाटीला आवाज वर गेला आणि तिथंच राहिला. गाणं संपल्यावर तिनं लहान पोरीसारखी टाळी वाजवली.

शनिवारी पार्टी बेळगावला पोचली. परशराम स्टँडवर रिक्षा घेऊन उभाच होता. हॉल मोठा, खुर्च्या मांडलेल्या, बाबासाहेबांच्या फोटोला हार, माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. परशरामनं आईला पुढं घालून चार जणांच्या ओळखी करून दिल्या. "ही माझी आई. निपाणीला वखारीत असते." हे सांगताना त्याची मान ताठ होती आणि सोनुबाईची खाली. मग त्यानं सगळ्यांना मागच्या खोलीत चहाला पाठवलं.

चहा पिऊन सिद्राम स्टेजवर आला तर परशराम पेटीपुढं मांडी घालून बसलेला. झाकण उघडं. बाजूला कचेरीतले दोघं वाकून बघत होते.

"आप्पा, बरं झालं मी वाजवून बघितलं! मधली पट्टी परत बंद. माझ्या तर छातीत धडकीच भरली. उघडून बघतो तर आत चिंधी गेलेली. एस.टी.त बसून धक्क्यानं सरकली असंल. काढली. आता बघा." त्यानं पट्टी दाबली. सूर हॉलभर घुमला. त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "वा!"

"चिंधी कुटं हाय?" सिद्रामनं विचारलं.

"टाकली की. काय करायचीय?"

सिद्रामनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात गडबड झाली, साहेब आले, परशराम उठून धावला. सिद्राम खिसे चाचपायला लागला. खिशात तंबाखूची चंची आणि येतानाची तिकिटं. त्यानं तिकिटांची घडी केली, पण फळी वर करायला वेळ नव्हता. निवेदक पार्टीचं नाव पुकारत होता. सोनुबाई नवं लुगडं सावरत येऊन शेजारी बसली.

"चिंधी काडली त्येनं," सिद्राम कुजबुजला.

तिनं क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "आसू द्या. दोनच कडवी म्हणू. कुणाला कळतंय?"

तिनं ओळ उचलली. सिद्राम सारं बळ बोटात आणून ते उचलून धरायला बघत होता. कधी जमायचं, कधी बोट त्याच्या आधीच खाली उतरायचं आणि सूर वाजायचा. सूर वाजला की तिला ओढावं लागायचं. नाहीतर परशरामच्या आईला सूर धरता येत नाही असं त्या खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं असतं. पहिलं कडवं पार पडलं. दुसरं पार पडलं. शेवटाला तिचा आवाज कापला, पण लोकांना तो भावनेचा कंप वाटला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबही टाळ्या वाजवत होते. सिद्रामनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि मष्णूला आवर म्हणून खूण केली.

पुढच्या रांगेत परशराम उभा राहिला होता. तो हसत होता, डोळे भरलेले होते, आणि हात वर करून तीन बोटं दाखवत होता. तिसरं कडवं. त्याचं कडवं.

सोनुबाईनं लेकाकडं बघितलं. सिद्राम हळूच म्हणाला, "नको." तिनं ते ऐकलं असणार, पण ती लेकाकडंच बघत होती. तिनं पदर नीट केला आणि उचललं.

"लेकाच्या दारावर पाटी..."

सिद्रामचं बोट खाली उतरलं. सूर वाजला, आणि तिचा आवाज त्याच्या बरोबरीनं वर, वर गेला. आणि तुटला. तोंड उघडंच राहिलं, मान पुढं आलेली, हात हवेत, पण आवाज नाही. तिचे डोळे सिद्रामकडं वळले. त्यात भीती होती. आयुष्यभर सिद्रामनं त्या डोळ्यांत भीती बघितली नव्हती. त्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. त्यानं भात्यावरचा हात काढला.

पेटी बंद पडली. मष्णू दोन मात्रा एकटाच वाजवून थांबला. हॉलमध्ये चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "पेटी बिघडली वाटतं."

सोनुबाईनं पदर तोंडाला लावला आणि वाकली. समोरून बघणाऱ्याला ती लाजल्यासारखी दिसत होती. परशराम दोन उड्यांत स्टेजवर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो सरळ पेटीपुढं गुडघ्यांवर बसला.

"काय झालं आप्पा? परत बंद?"

"व्हय," सिद्राम म्हणाला.

परशरामनं भाता ओढला, मधली पट्टी दाबली. सूर वाजला. त्यानं शेजारची दाबली, ती वाजली. परत मधली दाबली. "चांगली वाजतीय की! आप्पा, हे तर बोलतंय." तो कान पेटीला लावून एकेक पट्टी तपासत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याची आई पदराआड श्वास शोधत होती, आणि त्याचं सगळं लक्ष पेटीत होतं. सोळा वर्षं आपणही असंच बसलो होतो, हे सिद्रामला तेव्हा दिसलं. सोनुबाई पदराच्या वरून डोळ्यांनी सिद्रामला खुणावत होती. सांगू नका. आण घातली होती तिनं. खाली साहेब घड्याळ बघत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण मार तिला बसत होता आणि तोंड याचं दाबलेलं होतं.

सिद्रामनं पोराचा हात पट्टीवरनं उचलला.

"पेटी बरी हाय रं परशा," तो म्हणाला. "तुज्या आईचा दम गेलाय. लई दिस झालं."

परशरामला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तो आईकडं वळला. सोनुबाईनं घाईघाईनं पदर खाली केला, ओठ पुसले आणि त्याच्याकडं बघून हसली.

"न्हाय रं बाळा... मला... काय बी... झालं न्हाय... तू खाली... जाऊन बस."

एवढं बोलायला तिला चारदा थांबावं लागलं. परशरामनं ते प्रत्येक थांबणं ऐकलं.